एक रेघ, खाली सही

वजन घेताना कंधारकरबाई श्वास रोखून धरायच्या. काट्याच्या काचेच्या पेटीचं दार लावलं की त्यांचा डावा हात आपोआप पदराकडे जायचा, पदर तोंडावर यायचा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत खोलीत कुणी हलायचं नाही. पंखा बंद, खिडक्या बंद. मे महिन्यातसुद्धा. हैदराबादच्या उन्हाळ्यात आम्ही वीस विद्यार्थी त्या बंद खोलीत घामाने निथळत उभे असायचो, आणि बाई काट्याकडे अशा बघायच्या की जणू तो आता काहीतरी कबूल करणार आहे.

वजनाच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, तोंडाला पावडर लावायची नाही, हे त्यांचे नियम. स्वतः त्या त्या दिवशी बांगड्यासुद्धा काढून ठेवत. एकदा एक मुलगा केसांना खोबरेल तेल चोपडून आला, तर त्याला दारातच थांबवून म्हणाल्या, "तू बाहेरून बघ. आत तुझं तेल तोललं जाईल."

आमच्या कॉलेजात त्या प्राध्यापक नव्हत्या. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागल्या आणि टेक्निशियन म्हणूनच निवृत्त झाल्या. कुणी नवखा 'मॅडम' म्हणाला की त्याला तिथल्या तिथे दुरुस्त करत, "मॅडम वरच्या मजल्यावर बसतात. मी तोलणारी."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली. त्यांच्याविषयी लिहावं असा खरं म्हणजे मी माणूस नाही. पण ज्यांनी लिहायला हवं त्यातले बरेच जण त्यांना ओळखत नव्हते, आणि जे ओळखत होते त्यांच्यात त्यांचं नुकसान मी सगळ्यात जास्त केलं. ते सांगितल्याशिवाय बाई सांगता येणार नाहीत.

पहिल्या वर्षाची गोष्ट. प्रयोगाच्या वहीत माझा एक आकडा चुकला. मी ब्लेडने हळूच खरवडला आणि त्यावर नवा आकडा लिहिला. माझ्या मते सफाईदार काम झालं होतं. बाईंनी वही उचलली, पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. खरवडलेल्या जागेतून ऊन आरपार आलं.

"इथं काय होतं?"

"चुकलं होतं, बाई."

"ते नाही विचारलं. काय होतं?"

"आठवत नाही."

"म्हणजे चूक तर केलीस, वर ती हरवून आलास." वही माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "ऐक मुकुंदा. चुकलेल्या आकड्यावर रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा, का खोडलं ते लिहायचं, खाली सही करायची. झाकाझाकीच करायची असेल तर हे खातं सोड. दुसरीकडे लई जागा आहेत."

एक रेघ, खाली सही. तीन वर्षांत त्यांनी मला दुसरं काहीही शिकवलं नसतं तरी चाललं असतं. माझ्या हाताला ती सवय इतकी लागली की घरी किराणामालाच्या यादीतसुद्धा मी गिरगटत नाही, रेघ मारतो.

बाजारातही त्यांचा हाच खाक्या. अंबरपेठेत भाजी घेताना वांगी निवडायच्या आधी त्या विक्रेत्याला सांगत, "पहिले खाली तराजू दिखाओ."

"अम्मा, बीस साल से मेरेकनेच लेरे आप!"

"हौ. बीस साल से खाली तराजूच देखरी मैं. दिखाओ."

तो कपाळाला हात लावायचा, रिकामी पारडी उचलून दाखवायचा, आणि मग आजूबाजूच्या चार बायकाही आपापल्या विक्रेत्याला रिकामा तराजू दाखवायला लावायच्या. बाई आल्या की त्या गल्लीतला निम्मा बाजार उगाच खोळंबायचा.

निवृत्त झाल्यावर कॉलेजने भंगारात काढलेला एक जुना काटा त्यांनी लिलावात घेतला. बरकतपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात वाऱ्याचा झोत न येणारी एकच जागा होती, ती म्हणजे देवघर. बाईंनी देव स्वयंपाकघरातल्या फळीवर नेऊन ठेवले आणि देवघरात कडाप्प्यावर काटा मांडला. बाईंचे यजमान रागावले, नात्यातले लोक बोलले. बाईंचं उत्तर ठरलेलं, "देव समजून घेतात. काटा नाही समजून घेत."

त्याच भंगारातून एक हवा तपासण्याची पेटीही आली होती. लोखंडी, उंच, वर उतरतं छप्पर असलेली. आत मोटर. ती घरघर करत दिवसभर हवा ओढते आणि तळहाताएवढ्या पांढऱ्या गोल कागदातून सोडते. हवेत जे काही असेल ते कागदावर बसतं. कागद लावण्याआधी तोलायचा, चोवीस तासांनी काढून परत तोलायचा. वाढलेलं वजन म्हणजे धूळ, काजळी, त्या दिवशी माणसांच्या छातीत गेलेलं सगळं. बाईंनी मोटर दुरुस्त करून घेतली आणि पेटी एका सरकारी प्राथमिक शाळेच्या गच्चीवर चढवली.

शाळा अंबरपेठेपलीकडे, मुशी नदीकडे उतरणाऱ्या एका वस्तीत. शाळेच्या मागे ॲल्युमिनियमचं भंगार वितळवणाऱ्या तीन भट्ट्या होत्या. जळण म्हणून जुने टायर. बाईंच्या घरी कामाला येणाऱ्या यादम्माची नात त्या शाळेत होती आणि ती दर आठवड्याला दोन दिवस खोकत घरी बसायची. यादम्माने एवढंच विचारलं होतं, "अम्मा, तुम सब तोलते. वो धुआँ तोलने आता क्या?"

"आता है," बाई म्हणाल्या.

त्या दोघींनी एक अख्खा हिवाळा धूर तोलला. रोज सकाळी यादम्मा नातीला सोडायला जाई तेव्हा कागद बदले. त्यासाठी बाईंनी तिला चिमटा कसा धरायचा, कागदाला बोट कसं लावायचं नाही, हे महिनाभर शिकवलं. काळे पडलेले कागद डब्यात घालून ती बरकतपुऱ्याला आणी. बाई श्वास रोखून तोलत, रजिस्टरमध्ये लिहीत. हिवाळा संपल्यावर ते रजिस्टर घेऊन त्या संबंधित सरकारी ऑफिसात गेल्या. ऑफिसने सांगितलं, तुमचं यंत्र मान्यताप्राप्त नाही, तुम्हीही नाही. आम्ही मान्यताप्राप्त लॅबकडून तपासून घेऊ.

ते काम ज्या खाजगी लॅबला मिळालं, तिथे मी सीनियर ॲनालिस्ट होतो.

आम्ही त्याच गच्चीवर, बाईंच्या पेटीपासून चार हातांवर आमची नवीकोरी पेटी लावली. पंधरा दिवस चालवली. बाईंनीही आपली पेटी बंद केली नाही. रोज सकाळी गच्चीवर मी आणि यादम्मा समोरासमोर आपापले कागद काढायचो. दोन्ही सारखेच काळे असायचे. यादम्मा माझ्या कागदाकडे बघून हसायची, "तुम्हारी मशीन नई है साब, मगर धुआँ पुरानाच है."

पंधरा दिवसांनी आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. धुळीची सरासरी सरकारी मर्यादेच्या फार वर जात होती. ते आवाज न चढवता बोलले. "मुकुंदराव, हे पाच दिवस बघा. इतके जास्त कसे? मशीन बिघडली असणार. बघून घ्या ना."

मशीन बिघडली नव्हती, हे मला माहीत होतं. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, घराचे हप्ते चालू होते, मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता ती मलाच पाठ झालेल्या धड्यासारखी वाटतात. मी टेबलावर आलो. रजिस्टर उघडलं. त्या पाच आकड्यांवर प्रत्येकी एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'यंत्रबिघाड'. खाली सही केली.

अहवाल गेला. हवा मर्यादेत असल्याचं ठरलं. भट्ट्या चालू राहिल्या.

बाईंनी माहितीच्या अधिकारात मूळ रजिस्टर पाहायला मागितलं. नेमून दिलेल्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या. करड्या काठाची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चप्पल. रजिस्टर दाखवायचं काम माझ्यावर होतं. त्यांनी पान उलटलं, चष्मा वर सरकवला, ते पाच आकडे बोटाने एकेक करून वाचले. मी समोर उभा होतो. मला वाटलं, आता बोलतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रेघ सरळ मारलीस रे," त्या म्हणाल्या. "हात नाही थरथरला."

त्यांनी पान खिडकीकडे वळवलं.

"एक सांग. गिरगटून का नाही टाकलंस? खालचं वाचता येतंय सगळं."

खोटं लिहितानासुद्धा मी त्यांच्याच पद्धतीने लिहिलं होतं. त्यांनी ते पाच आकडे आपल्या वहीत उतरवून घेतले, प्रत्येकासमोर माझी सही आहे अशी नोंद केली आणि पाणीही न पिता गेल्या.

पुढच्या महिन्यात ऑफिसात सुनावणी झाली. मी मालकांच्या शेजारी बसलो होतो. समोर बाई आणि यादम्मा. साहेबांनी फाईल चाळली.

"अम्मा, ये रीडिंग कटे हुए हैं. मशीन खराब थी. लॅब ने लिखके दिया है."

"मशीन खराब थी तो दूसरे दिन अच्छी कैसी हुई, साब? कौन अच्छी करे? उसका कागज दिखाओ."

"आप सायंटिस्ट हैं?"

"नै साब. तोलने वाली."

"तो फिर?"

"तो फिर आप तोलो. मैं बाजू में खड़ी रहती. बस, ये पंखा बंद करना पड़ता."

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले. बाई हसल्या नाहीत, त्या उत्तराची वाट बघत राहिल्या. त्या खोलीत ते आकडे खरे आहेत हे ठाऊक असलेला मी होतो, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं एकदा बघितलं, वर्गात बघायच्या तसं, पोराला उत्तर येतंय अशा भरवशाने. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसलो. अर्ज निकाली निघाला.

जिना उतरताना यादम्मा रडत होती. बाई तिला म्हणत होत्या, "रोने का टाइम नै है. कल का कागज कौन बदलता?"

दुसऱ्या वर्षी बाईंनी वजनाबरोबर कागदही कामाला लावले. तोलून झालेले गोल कागद त्यांनी फेकले नव्हतेच. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, खाली तारीख लिहून, त्यांनी ते शाळेच्या व्हरांड्यात ओळीने टांगायला सुरुवात केली. पावसाळ्यातले करडे, हिवाळ्यातले काळे. भट्ट्यांना सुट्टी असे त्या दोन सणांचे जवळजवळ पांढरे. आकडे ज्यांना कळत नव्हते त्यांना रंग कळला. मुलं आपापल्या वाढदिवसाचा कागद शोधायची. मग आया शोधायला लागल्या. एक बाई आपल्या मुलाला दवाखान्यात ॲडमिट केलं त्या दिवसाचा कागद शोधत आली, आणि तो सापडल्यावर त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली, असं यादम्माने मला सांगितलं. त्यानंतर त्या आया स्वतःच बैठक बोलवू लागल्या. दुसऱ्या सुनावणीचा अर्ज बाईंनी लिहिला, पण त्यावर सह्या आणि अंगठे होते ते वस्तीतल्या आयांचे.

मी तो व्हरांडा पाहायला गेलो तो एका रविवारी, शाळा बंद असताना, चोरासारखा. ओळीने चालत गेलो. माझ्या पंधरा दिवसांची ओळ सापडली. त्यातले पाच कागद इतरांपेक्षा काळे होते. त्या पाचांखाली बाईंच्या अक्षरात, तेलुगूत आणि उर्दूत, एकच वाक्य होतं. दार उघडून देणाऱ्या शिपायाने वाचून अर्थ सांगितला, "या दिवशी मशीन खराब होती, असं म्हणतात."

मी तिथून थेट बरकतपुऱ्याला गेलो. बाई देवघरात वजन घेत होत्या. तोंडावर पदर. मी दारात थांबलो. आकडा लिहून झाल्यावर त्यांनी श्वास सोडला. "बस," म्हणाल्या. जणू मी आदल्या आठवड्यातही येऊन गेलो होतो.

"बाई, मी ते पान आणून देतो. फाडून. उद्याच."

"पान?" त्या एकदम उसळल्या. "काय रे, परत तेच कराय लागलास? फाडलेलं पान म्हणजे चोरीचा माल. साहेब विचारेल, वही कुठाय? तेव्हा काय सांगशील? वही वहीच्या जागी राहू दे. तू तुझ्या जागी उभा राहा. एवढंच पाहिजे."

"नोकरी जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. मग फळीवरच्या देवांशेजारचा डबा काढून त्यांनी मला दोन चकल्या दिल्या.

दुसऱ्या सुनावणीला मी उभा राहिलो. फार बोललो नाही. मशीन चांगली होती, रेघा माझ्या आहेत, सह्या माझ्या आहेत, खालचे आकडे खरे आहेत, एवढंच. साहेबांनी विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?" मी म्हणालो, "डर रहा था." रजिस्टर मागवलं गेलं. आकडे वाचता येत होते. बाईंच्या पेटीचे त्याच पाच दिवसांचे आकडे शेजारी ठेवले तर दोन्ही जवळजवळ जुळत होते. त्याच दुपारी माझी नोकरी गेली.

पुन्हा तपासणी झाली, या वेळी ऑफिसचे लोक हजर असताना. दोन भट्ट्या बंद झाल्या. तिसऱ्या भट्टीच्या मालकाने आपली भट्टी शहराबाहेर, रिंग रोडपलीकडच्या एका गावाशेजारी हलवली. वस्तीत मिठाई वाटली गेली. यादम्माने बाईंच्या तोंडात लाडू कोंबला. बाई तो चावता चावता मला विचारत होत्या, "तिकडे कोण राहतं?"

तिसरी भट्टी अजून चालू आहे. पेटीही चालू आहे. तिचा कागद आता तिथल्या अंगणवाडीतली ताई बदलते, आणि वजन मी घेतो.

त्या नव्या गावात बाईंची पेटी लागली त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. पहिला कागद तोलून झाला होता आणि दुसरा आणायला त्या सकाळच्या बसने निघाल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, छातीत घरघर. मी सोबत जायचं म्हणून काचीगुड्याच्या स्टॉपवर पोचलो. मी जवळ येताच त्यांनी नाक मुरडलं.

"तेल लावलंयस."

"बाई, रविवार म्हणून..."

"तू पेटीजवळ येऊ नको आज. ही घे किल्ली. घरी जा. देवघरात रजिस्टर आहे. कालच्या आकड्यावर रेघ मारायची आहे."

"का? काय झालं?"

"वजन लिहून झाल्यावर बघते तर कागदाला माझाच केस चिकटलेला. त्याचं वजन आलंय त्यात."

नव्या गावाचा तो पहिला आकडा होता, आणि तो चांगला मोठा होता. लोकांना दाखवायला आमच्याकडे तेवढंच होतं. मी म्हणालो, "बाई, एक केस तर आहे. आणि आकडा आपल्याच बाजूचा आहे..."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "आपल्या बाजूचा म्हणून ठेवायचा? मग त्या पाच दिवसांत आणि ह्यात फरक काय राहिला?"

बस आली. "मग तुम्हीच मारा की रेघ, परत आल्यावर," मी म्हणालो.

"तोलणारा एक आणि तपासणारा दुसरा, असं पाहिजे. इतकी वर्षं दुसरा नव्हता म्हणून मीच मारत होते. जा. पंखा लावू नको."

त्या चढल्या. खिडकीशी बसल्या. कोऱ्या कागदांचा डबा मांडीवर आणि दोन्ही हात डब्यावर, त्यामुळे त्यांनी हात हलवला नाही. बसने झटका दिला तेव्हा पुढचा दांडाही धरला नाही. कंडक्टर काहीतरी बोलला असावा, कारण वळणावर बस वळेपर्यंत त्या त्याच्याशी भांडताना दिसत होत्या. चालत्या-बोलत्या बाई मी पाहिल्या त्या शेवटच्याच. परतीच्या वाटेवर त्यांना ॲडमिट करावं लागलं, आणि चार दिवसांत त्या गेल्या.

पण त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बरकतपुऱ्याला गेलो, हात साबणाने धुतले, डोक्याला पंचा बांधला, देवघरात बसलो. रजिस्टर उघडलं. पानाच्या कडेला चिकटपट्टीखाली एक लांब पांढरा केस लावून ठेवलेला होता आणि त्याच्या शेजारी कारण आधीच लिहिलेलं होतं. आकड्यावर रेघ तेवढी अजून नव्हती.

मी पेन उचललं. या वेळी रेघ वाकडी आली. खालचा आकडा वाचता येतोय ना, ते दोनदा पाहिलं, आणि सही केली.